टकटक कशाची?

रोलर कोस्टरच्या गाडीला सहसा इंजिन नसते. पहिल्या चढावर साखळी तिला ओढून नेते. माथा ओलांडला की साखळी सुटते आणि पुढचा सगळा फेरा गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर होतो. घर्षण धरले नाही, तर ४० मीटर खाली आलेल्या गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर भरतो. प्रत्यक्षात चाके आणि हवा त्यातला वाटा खातात, म्हणून पुढचा कोणताही चढ पहिल्याची उंची गाठत नाही.

चढताना ऐकू येणारी टकटक साखळीची वाटते आणि बसलेल्यांच्या पोटात गोळा आणते. खरे तर तो धीर देणारा आवाज आहे. डब्याखालची लोखंडी जीभ रुळांमधल्या दातेरी पट्टीचा एकेक दात ओलांडत जाते. साखळी तुटलीच, तर जीभ दातात अडकते आणि गाडी जागीच थांबते.

१८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांची गाडी ताशी जेमतेम १० किलोमीटरने धावत असे. तिला रुळांवर नुसती ठेवली तरी भागत होते. आजची गाडी रुळाला तीन बाजूंनी धरते: वरून भार पेलणारी चाके, कडेची चाके आणि खालून पकडणारी चाके. ही खालची चाके नसती, तर टेकाडाच्या माथ्यावर गाडी सरळ हवेत गेली असती.

उलटे फिरवणारा वेढा अचूक गोल ठेवला की घात होतो. माथ्यावर कशीबशी टिकणाऱ्या गाडीतल्या माणसाला तळाशी स्वतःचे वजन सहापट जाणवते. १८९५ च्या ‘फ्लिप फ्लॅप’ने अशाच गोल वेढ्यात लोकांच्या माना अवघडवल्या. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’साठी वर्नर श्टेंगेल यांनी वेढ्याला थेंबाचा आकार दिला, तळाशी वळण सैल, माथ्यावर आवळलेले.

एकाच मार्गावर दोन-तीन गाड्या असल्या, तर मार्गाचे रेल्वेसारखे ब्लॉक पाडतात. पुढचा ब्लॉक रिकामा असल्याचे सेन्सरने कळवेपर्यंत मागची गाडी ब्रेकवर किंवा चढावर अडकून राहते. अनेक ठिकाणी वेग चुंबकांनी उतरवतात. त्यांना वीज लागत नाही, पण ते गाडी पूर्ण थांबवूही शकत नाहीत. शेवटची पकड घासणाऱ्या ब्रेकची.

सकाळी दार उघडण्याआधी गाड्या रिकाम्या फिरवतात. तेव्हा बेअरिंगमधले ग्रीस थंड आणि घट्ट असते, म्हणून तीच गाडी दुपारी जास्त वेगाने धावते.