मॅक ॲप स्टोअर : एका नव्या पेठेविषयी गिऱ्हाइकांचे मत

नवी पेठ वसते तेव्हा तिच्याविषयी पहिले मत ती वसविणाऱ्याचे असते, दुसरे तेथे गाळा घेणाऱ्या दुकानदाराचे आणि तिसरे गिऱ्हाइकाचे. पहिल्या दोघांचे भांडवल गुंतलेले असल्याने त्यांच्या बोलण्यात आशेचा भाग अधिक असणे साहजिक आहे. पेठेचे आयुष्य ठरते ते तिसऱ्याच्या मतावर. अमेरिकेतील ॲपल कंपनीने ६ जानेवारी २०११ रोजी आपल्या मॅक संगणकांसाठी जे ‘मॅक ॲप स्टोअर’ उघडले, ती अशीच एक पेठ होय. तेथे विकला जातो तो संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलींचा, म्हणजे ज्यांस आपण सॉफ्टवेअर किंवा ॲप म्हणतो त्यांचा, माल. या मालास वजन नाही, गोदाम लागत नाही. तरीही गिऱ्हाइकांनी त्या पेठेविषयी जे समाधान आणि ज्या तक्रारी व्यक्त केल्या, त्या कोणत्याही व्यापाऱ्यास ओळखीच्या वाटतील. त्यांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वीची खरेदी

त्यापूर्वी मॅक वापरणाऱ्यास एखादे सॉफ्टवेअर हवे असले तर मुख्यतः दोन मार्ग होते. दुकानातून तबकडीचे खोके आणावे, अथवा ते तयार करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरून माल इंटरनेटवरून उतरवून घ्यावा. दुसऱ्या मार्गात प्रत्येक कंपनीशी व्यवहार वेगळा होई. दर ठिकाणी नाव-पत्ता द्यावयाचा, कार्डाचा क्रमांक सोपवावयाचा आणि ई-मेलने येणारा परवाना-क्रमांक जपून ठेवावयाचा. संगणक बदलला की तो क्रमांक शोधण्याची पाळी येई. सराईत मनुष्यास यात विशेष अडचण नव्हती. नवख्यास मात्र अनोळखी कंपनीच्या हाती कार्ड देण्याची धास्ती वाटे आणि पुष्कळदा तो खरेदीच टाळी.

याच रीतीत गिऱ्हाइकाच्या सोयीच्याही काही गोष्टी होत्या, त्या विसरून चालणार नाही. अनेक कंपन्या काही दिवस माल विनामूल्य वापरून पाहू देत. नवी आवृत्ती निघाली की जुन्या गिऱ्हाइकास ती सवलतीने मिळे. बिघाड झाला तर थेट करणाऱ्यास लिहिता येई, आणि तोही आपल्या वहीत नाव पाहून उत्तर देई.

पेठेची रचना

ॲपलने आयफोनसाठी असे दुकान जुलै २००८ मध्येच उघडले होते. त्याच धर्तीवर मॅकसाठी दुकान काढण्याची घोषणा स्टीव्ह जॉब्ज यांनी २० ऑक्टोबर २०१० रोजी केली. पुढे मॅकच्या चालू प्रणालीच्या १०.६.६ या सुधारणेबरोबर हे दुकान गिऱ्हाइकाच्या संगणकावर येऊन बसले. आरंभी तेथे एक हजाराहून अधिक ॲप्स होती, आणि पहिल्याच दिवसात दहा लाखांवर डाउनलोड झाल्याचे कंपनीने जाहीर केले.

तेथील व्यवहाराची पद्धत अशी आहे. गिऱ्हाइकाचे खाते एकच, कार्डाची नोंद एकदाच. बटण दाबले की ॲप उतरून आपोआप जागेवर बसते, त्यातील पुढील दुरुस्त्या त्याच दुकानातून येतात, आणि एकदा विकत घेतलेले ॲप आपल्या मालकीच्या दुसऱ्या मॅकवरही वापरता येते. ॲप तयार करणाऱ्याने माल प्रथम ॲपलकडे तपासणीस धाडावयाचा, व तो पसंत झाल्यावर मांडावयाचा. विक्रीच्या रकमेतून शेकडा ३० ॲपलने अडत म्हणून ठेवून घ्यावे व शेकडा ७० करणाऱ्यास द्यावे, असा मूळ करार. जागा, वितरण व वसुली यांचा भार ॲपलचा. पावती ॲपलची, आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता मात्र करणाऱ्यास कळत नाही. या शेवटच्या कलमातच पुढील पुष्कळ तक्रारींचे मूळ आहे.

समाधान कशाचे झाले?

पहिले समाधान विश्वासाचे. माल तपासून मांडलेला आहे आणि पैसे एकाच ओळखीच्या पेढीवर जात आहेत, या जाणिवेने साधा गिऱ्हाईक निर्धास्त झाला. दुसरे समाधान भावाचे. छायाचित्रांवर काम करण्याचे ॲपलचे ‘ॲपर्चर’ खोक्यात १९९ डॉलरला मिळे, ते येथे ७९.९९ डॉलरला मिळू लागले. लेखन, हिशेब व सादरीकरण यांची तीन ॲप्स पूर्वी ७९ डॉलरच्या एका खोक्यात एकत्र घ्यावी लागत, ती १९.९९ डॉलरला एकेक सुटी मिळू लागली. ज्याला एकाचीच गरज होती त्याची यात मोठी बचत झाली.

लहान कारागिरांनाही याचा लाभ झाला. लिथुआनियातील एका छोट्या कंपनीने तयार केलेले ‘पिक्सेलमेटर’ हे चित्र-संपादनाचे ॲप या दुकानात २९.९९ डॉलरला ठेवले गेले, आणि पहिल्या वीस दिवसांत त्याची विक्री दहा लाख डॉलरवर गेली. एरवी अशा कंपनीचे संकेतस्थळ शोधत किती लोक गेले असते, याचा विचार करावा. गर्दीच्या पेठेतील गाळ्याचे मोल ते हेच.

तक्रारी कोणत्या?

सर्वांत आधी ओरड केली ती जुन्या गिऱ्हाइकांनी. ज्यांनी करणाऱ्याकडून थेट ॲप विकत घेतले होते, त्यांचा परवाना हे दुकान मानीना. दुकानातून दुरुस्त्या हव्या असतील तर तेच ॲप पुन्हा पूर्ण किमतीला घ्या, असा प्रसंग आला. निष्ठेने आधी आलेल्यास दंड आणि नंतर येणाऱ्यास सोय, असा हा उलटा न्याय अनेकांस झोंबला.

दुसरी तक्रार नमुन्याची. धान्याच्या पेठेत मूठभर दाणे हातात घेऊन पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. येथे मात्र चित्रे व वर्णन पाहून पैसे मोजावे लागत, कारण मुदतीपुरते फुकट वापरू देण्याची सोय दुकानाने ठेवली नव्हती. नव्या आवृत्तीसाठी जुन्या गिऱ्हाइकास सवलत देण्याचीही सोय नव्हती. करणाऱ्याने नवी आवृत्ती एकतर फुकट द्यावी, नाहीतर नवा माल म्हणून सर्वांस सारख्याच भावाने विकावी. त्यातच गिऱ्हाइकाने दुकानात प्रतिकूल अभिप्राय लिहिला तर त्यास उत्तर देण्याचा मार्ग करणाऱ्यास २०१७ पर्यंत नव्हता. गिऱ्हाइकास वाटे की आपली दाद घेत नाहीत, आणि करणाऱ्याच्या मनात दाद घ्यावयाची असूनही त्याचा हात तेथवर पोहोचत नसे.

तिसरी तक्रार ज्यांच्याकडे इंटरनेट मंद होते त्यांची. २० जुलै २०११ रोजी ॲपलने ‘लायन’ ही नवी प्रणाली केवळ या दुकानातून २९.९९ डॉलरला विक्रीस काढली. एका दिवसात ती दहा लाख लोकांनी घेतली खरी, परंतु सुमारे चार गिगाबाइटचा तो बोजा उतरवून घेणे अनेकांस अशक्य होते. अखेर ऑगस्टमध्ये कंपनीला तीच प्रणाली ६९ डॉलरच्या छोट्या यूएसबी कांडीवर घालून विकावी लागली.

काही दुकानदार उठून का गेले?

१ जून २०१२ पासून दुकानाने नवा नियम लागू केला. प्रत्येक ॲपने आपल्या ठरलेल्या कोठडीत राहावे, आणि संगणकातील इतर फायलींना हात लावण्यापूर्वी तशी परवानगी असावी. हेतू रास्त होता. एखादे ॲप खोडसाळ निघाले तरी त्याने घरभर फिरू नये, यात गिऱ्हाइकाचेच रक्षण आहे. पण काही ॲप्सचे कामच घरभर फिरण्याचे असते. अशा ॲप्सना आपली काही अंगे कापून टाकावी लागली, आणि दुकानातून घेतलेली प्रत थेट घेतलेल्या प्रतीपेक्षा उणी ठरू लागली. परिणामी २०१४ मध्ये पॅनिक कंपनीने ‘कोडा’ हे ॲप, व बेअर बोन्स कंपनीने ‘बीबीएडिट’ हे ॲप दुकानातून काढून घेतले. १ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्केच’ हे आरेखनाचे लोकप्रिय ॲपही बाहेर पडले. तपासणीस लागणारा विलंब, कोठडीचे निर्बंध, सवलतीच्या आवृत्तीची सोय नसणे आणि गिऱ्हाइकाशी थेट संबंध न राहणे, ही त्या कंपनीने दिलेली कारणे होत.

या वेळी एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. ज्यांनी दुकानातून ॲप घेतले होते त्यांस ‘कोडा’ व ‘स्केच’च्या कर्त्यांनी नवी थेट प्रत विनामूल्य देऊ केली. पण गिऱ्हाईक कोण, हे त्यांच्या वहीत कोठे होते? तेव्हा गिऱ्हाइकाच्या संगणकावर दुकानाची जुनी प्रत आहे की नाही, हे नव्या प्रतीनेच पाहावे आणि तेवढा पुरावा मान्य करावा, अशी युक्ती योजावी लागली. वर्षानुवर्षे माल विकूनही विकणाऱ्याजवळ गिऱ्हाइकांची यादी नव्हती.

त्याच सुमारास, ११ नोव्हेंबर २०१५ रोजी, दुकानाच्या पावत्या खऱ्या आहेत हे पटविणाऱ्या अंकीय प्रमाणपत्राची मुदत संपली. जगभर अनेकांची ॲप्स उघडेनात. काहींस ‘हे ॲप बिघडले आहे, काढून टाका’ असा निरोप दिसला. कोणास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागला, कोणास ॲप नव्याने उतरवून घ्यावे लागले. रोख पैसे देऊन घेतलेला आणि आपल्याच घरातील संगणकावर असलेला माल दूरच्या एका शिक्क्याची मुदत सरताच वापरता येऊ नये, याचा लोकांस राग आला. विकत घेणे आणि वापरण्याची परवानगी मिळविणे यांतील भेद त्या दिवशी सामान्य गिऱ्हाइकास कळला.

दुसरा रस्ता

आता प्रश्न असा की, एवढ्या तक्रारींचा उपयोग काय झाला? आयफोनवर तेव्हा ॲपलच्या दुकानाखेरीज अन्य अधिकृत मार्ग नव्हता, म्हणून मॅकचीही तीच गत होईल ही भीती पहिल्या दिवसापासून अनेकांनी बोलून दाखविली होती. तसे झाले नाही. पुढे ॲपलने बाहेरच्या मालावरही ओळखीचा शिक्का व तपासणी आणली, परंतु करणाऱ्याकडून थेट घेण्याचा रस्ता मॅकवर उघडा राहिला. पेठेत दाद न मिळाल्यास दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही त्या रस्त्याने जाऊ शकत होते आणि गेलेही.

पुढे पेठेनेही आपल्या रीतीत बदल केला. २०१८ मध्ये नियमांत मुदतीपुरता नमुना देण्याची वाट निघाली, आणि २४ सप्टेंबर २०१८ रोजी दुकानाची मांडणी संपूर्ण नवी झाली. ‘बीबीएडिट’ २०१९ मध्ये परत आले. १ जानेवारी २०२१ पासून वर्षाची कमाई दहा लाख डॉलरपर्यंत असलेल्या लहान कर्त्यांची अडत अर्जावरून शेकडा ३० वरून १५ झाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१२ मध्ये विंडोजसाठी अशीच पेठ काढली होती. तिनेही २०२१ मध्ये, खेळ वगळून इतर ॲप्सच्या कर्त्यांनी वसुलीची स्वतःची व्यवस्था वापरल्यास अडत घेऊ नये, असे ठरविले. या बदलांमागे न्यायालयीन वाद, सरकारी चौकशा इत्यादी इतरही कारणे असतील. परंतु ज्या पेठेतून बाहेर जाता येते, तिला आत थांबलेल्यांचे ऐकावे लागते, हे उघड आहे.

आज आपला माल दुसऱ्याच्या ऑनलाइन पेठेत मांडणाऱ्या व्यापारी बंधूंनी आणि तेथून खरेदी करणाऱ्या कुटुंबीयांनी यावरून बोध घ्यावा. पेठेची सोय खरी आहे. तिने नवख्यास धीर दिला आणि लहान कारागिरास गिऱ्हाईक दिले, म्हणून तिला नावे ठेवून दूर राहणे शहाणपणाचे नाही. पण गाळा घेण्यापूर्वी अडत शेकडा किती, एवढेच विचारून थांबू नये. गिऱ्हाइकाचे नाव कोणाच्या वहीत लिहिले जाणार, जुन्या गिऱ्हाइकास सूट देण्याचा अधिकार आपल्या हाती राहणार की नाही, त्याच्या तक्रारीस उत्तर कोण देणार, आणि उद्या गाळा सोडावा लागला तर त्यास आपला पत्ता कसा सापडणार, हेही विचारावे. पेठेत अवश्य बसावे. पण आपल्या पेढीचे दार लावून घेऊ नये, आणि गिऱ्हाइकांची वही आपल्याच गादीवर ठेवावी.