मांजराची नखे, सोफ्याचे कापड आणि कारागिराचे नाव

सोफ्याला नवे कापड चढवून महिना होत नाही तोच गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते. कोपऱ्यावर कापड फाटले, धागे निघाले, माल हलका होता! कारागीर शपथेवर सांगतो की माल चांगला होता. बऱ्याचदा दोघेही खरे बोलत असतात, कारण कापड घरच्या मांजराने फाडलेले असते. पण तोपर्यंत वाद होतो, मजुरी अडकते आणि कारागिराचे नाव खराब होते. म्हणून हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीसारख्या गावात मांजर ही नुसती हौस नसते. धान्याची पोती असलेल्या घरात उंदरांच्या बंदोबस्ताला मांजर लागतेच. पूर्वी अशा घरात बाज आणि लाकडी बाक असे. आता फोमचा सोफा आला, मांजर मात्र तेच राहिले.

मांजर खोडी म्हणून ओरबाडत नाही. घासल्याने नखावरचे झिजलेले टरफल गळते आणि खालचे धारदार नख मोकळे होते. अंगाला ताण मिळतो. शिवाय पंजातील ग्रंथींचा वास त्या जागी लागतो, म्हणजे मांजर आपली हद्द आखते. ही जन्मजात सवय मारून जात नाही. मार खाल्लेले मांजर माणसाला भिते आणि पाठ वळताच पुन्हा सोफ्याकडे जाते. तेव्हा सवय मोडू नका, तिची जागा बदला.

त्यासाठी घायपाताचा दोर गुंडाळलेला खांब उत्तम. खांब किमान तीन फूट उंच हवा, म्हणजे मांजराला पूर्ण ताणता येते. चार इंच जाडीच्या गोल खांबाला तेवढ्या उंचीपर्यंत ८ मिलिमीटरचा दोर सुमारे ४० मीटर लागतो. दोर सरसाने चिकटवून वर-खाली पक्का करावा, खिळ्याचे टोक बाहेर राहू देऊ नये. बैठक जड आणि रुंद हवी. खांब एकदा डुलला की मांजर त्याला पुन्हा शिवत नाही. काही मांजरांना आडवी जागा आवडते, त्यांना जमिनीवर गोणपाट पुरते.

खांब अडगळीत ठेवू नका. मांजर झोपून उठल्यावर हमखास नखे घासते, म्हणून तो त्याच्या झोपण्याच्या जागेजवळ किंवा सोफ्याच्या फाटलेल्या कोपऱ्याशी ठेवावा. त्या कोपऱ्याला काही दिवस जाड प्लास्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. सवय लागली की खांब रोज थोडा थोडा सरकवावा. दोन-तीन आठवड्यांनी नखाचे फक्त पांढरे टोक कापावे. आतल्या गुलाबी भागाला कात्री लागली तर रक्त येते.

कापड निवडतानाही काळजी घ्यावी. सैल विणीच्या, फासे वर आलेल्या कापडात नख अडकते. घट्ट विणीचे किंवा आखूड लवेचे मखमली कापड जास्त टिकते. रेग्झीनला एकदा भोक पडले की चीर वाढत जाते.

काही लोक वैतागून मांजर पोत्यात घालून लांब सोडतात, तर काही नखे कायमची काढण्याविषयी विचारतात. नखे काढणे म्हणजे बोटाचे शेवटचे हाड तोडणे. प्राण्याचे अंग तोडणे आणि त्याला उपाशी मरायला सोडून देणे, या दोन्ही गोष्टी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहेत.

कारागीर बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. माप घेतानाच विचारा, "घरात मांजर आहे का?" असेल तर कापड त्या हिशेबाने दाखवा आणि उरलेल्या लाकडाचा, प्लायचा एक खांब सोफ्याबरोबर विकायला ठेवा. चार पैसे जास्त मिळतील, गिऱ्हाइकाचा सोफा टिकेल आणि मुके जनावरही घराबाहेर जाणार नाही.