लोणचे का नासते?

आमच्या घरी दर वर्षी पाऊस लागायच्या आधी आजी कैरीचे लोणचे घालते. ते आम्हाला वर्षभर पुरते. पावसाळ्यात आई भांगलणीला जाते तेव्हा भाजी करायला वेळ नसतो. मग भाकरी, लोणचे आणि कांदा एवढेच फडक्यात बांधून नेते. पण गेल्या वर्षी आमचे लोणचे श्रावणातच नासले. बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी आणि घाण वास! आजीने सगळे उकिरड्यावर ओतले. म्हणाली, “माझा हातच गेला आता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.”

म्हणून यंदा मी आजीजवळ बसून सगळे पाहिले आणि विचारून घेतले. ते इथे लिहितो.

लोणच्याची कैरी कडक आणि आंबट लागते. पाड लागलेली कैरी मऊ पडते, ती आजी बाजूला काढते. ती आम्ही तिखटमीठ लावून खातो. बाकीच्या कैऱ्या धुवून कोरड्या फडक्याने पुसायच्या. हे काम माझे होते. मी ४३ कैऱ्या पुसल्या. देठाजवळच्या खळगीत पाणी राहते, ते आजीने परत तपासले आणि सहा कैऱ्या मला पुन्हा पुसायला लावल्या. मग बाबांनी मोठ्या अडकित्त्याने फोडी केल्या. बाठीच्या आतला गर काढून टाकायचा, बाठ ठेवायची.

आमचे प्रमाण असे : ५ किलो फोडींना १ किलो मीठ, अर्धा किलो मोहरीची डाळ, अर्धा किलो लाल तिखट, सव्वा लिटर तेल, शिवाय हळद, हिंग आणि तळून कुटलेली मेथी. एक किलो मीठ पाहून मला वाटले आजी चुकली. पण ती चुकली नव्हती.

फोडींना मीठ आणि हळद लावून रात्रभर पातेल्यात झाकून ठेवल्या. पाण्याचा एक थेंबही घातला नव्हता, तरी सकाळी तळाला पाणीच पाणी! मी विचारले, “आजी, पाणी कुणी ओतलं?” ती म्हणाली, “मिठानं ओढून काढलं.” याला खार म्हणतात. तो टाकून द्यायचा नाही, लोणच्यातच घालायचा.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले की बुरशी सजीव आहे, तिला वाढायला पाणी आणि हवा लागते. मीठ भरपूर असले की ते कैरीतले पाणी ओढते, तसे बुरशीचेही ओढते. त्यामुळे ती वाढत नाही. मुरंब्यात हेच काम साखर करते. तेव्हा मला चटण्यांचेही कळले. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबते, आणि शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी डब्यात पंधरा दिवस चांगली राहते, कारण ती कोरडी असते.

मग हवेचे काय? त्यासाठी तेल. तेलाची फोडणी करून पूर्ण गार करायची आणि मग ओतायची. गरम ओतली तर फोडी मऊ पडतात. तेल फोडींच्या वर आले पाहिजे, म्हणजे आत हवा जात नाही. एखादी फोड वर डोकावत असेल तर बुरशी पहिल्यांदा तिलाच धरते.

लोणचे चिनी मातीच्या बरणीतच भरतात. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवले की कळकते. बरणी धुवून दिवसभर उन्हात तापवली. नंतर आजीने निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी पालथी धरली. वास इतका आला की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

दादरा बांधायची वेळ आली तेव्हा आजी परत म्हणाली, “बघू यंदा टिकतंय का. माझा काही नेम नाही.” तेव्हा मला राहवले नाही. मी खरे सांगितले. गेल्या वर्षी घरी कुणी नसताना मी दोन-तीनदा बरणीत ओला हात घातला होता. हात धुतलेला होता म्हणून चालेल असे वाटले. पण नुसता धुवून उपयोग नाही, कोरडा पाहिजे. वरच्या फोडींवर पाणी पडले की तिथले मीठ पातळ होते आणि बुरशीचे फावते. शिवाय मी दादराही नीट बांधला नव्हता.

मला वाटले आता मार बसणार. आजी आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मेल्या, वर्षभर मी माझ्याच हाताला बोल लावत बसले.” आणि दादरा माझ्याकडे दिला.

पहिले आठ दिवस रोज बरणी हलवायची असते, म्हणजे मीठ सगळीकडे लागते. ते मीच केले. वर्गातला एक मित्र हसला की मुलगा असून लोणचे घालतोस. पण खिचडीच्या वेळी तोच माझ्याकडे फोड मागतो.

आज १९ दिवस झाले. बुरशी नाही. आजी म्हणते अजून बाठ मुरायची आहे.