मृत तार्‍यांचे अवशेष व क्ष-किरण

तारे चिरंतन आहेत, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तार्‍यांनाही जन्म व अंत आहे. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या तार्‍याचे इंधन सरले म्हणजे त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने ढासळतो आणि बाह्य थर प्रचंड स्फोटाने अवकाशात फेकले जातात. यास अतिदीप्त नवतारा म्हणतात. इ. स. १०५४ मध्ये वृषभ राशीत असा तारा प्रकटला. चिनी नोंदींप्रमाणे तो २३ दिवस दिवसाढवळ्या दिसत होता. त्या जागी आज खेकडा अभ्रिका आहे.

स्फोटातील द्रव्य सेकंदास हजारो किलोमीटर वेगाने धावते व भोवतालच्या विरळ वायूवर आदळते. त्यामुळे वायू लक्षावधी अंशांपर्यंत तापतो. लोखंड तापविले असता प्रथम तांबडे, मग पांढरे दिसते; परंतु इतक्या उष्ण वायूचे तेज मुख्यत्वे क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेते. जीवसृष्टीला हे हितकारक आहे. मात्र त्यांच्या अभ्यासासाठी उपकरणे वातावरणाबाहेर न्यावी लागतात.

१९६४ मध्ये चंद्र खेकडा अभ्रिकेपुढून जात असता अमेरिकी शास्त्रज्ञांनी अग्निबाणातून उपकरणे वर पाठविली. किरण एकाच बिंदूतून येत असते, तर चंद्राआड ते एकाएकी लोपले असते. ते हळूहळू कमी झाले. यावरून उगम विस्तृत असल्याचे सिद्ध झाले.

१९९९ मध्ये अमेरिकेने सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ वेधशाळा अवकाशात सोडली. शर्मिष्ठा तारकासमूहातील एका अवशेषात तिला सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम व लोह यांचे पट्टे वेगवेगळे दिसले. लोह गाभ्याजवळ तयार होते. तरी काही ठिकाणी ते सिलिकॉनच्याही बाहेर आढळले. अर्थात स्फोटात थरांची उलथापालथ झाली होती. भारतानेही २०१५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ सोडला. त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रमुख वाटा आहे.

मूलद्रव्य दुरून कसे ओळखतात, हे शिक्षकांनी वर्गात स्वतः करून दाखवावे. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाचा कण धरताच ती पिवळी होते. तो सोडियमचा रंग होय. प्रत्येक मूलद्रव्याची अशी स्वतंत्र खूण असते, क्ष-किरणांतही असते. मग मुलांना विचारावे, की रक्तातील लोह व हाडांतील कॅल्शियम प्रथम कोठे घडले? उत्तर तार्‍यांत आहे, हे कळले म्हणजे आकाश हा केवळ पाठांतराचा विषय राहत नाही.