समुद्र साडेचारशे किलोमीटरवर, तरी नांदेडला किनाऱ्यावरचे पक्षी कसे? त्यांची मराठी नावं माहीत आहेत का?

नांदेड/लातूर : हिवाळ्यात विष्णुपुरी किंवा मांजरा धरणाचं पाणी मागे सरकू लागतं. ओला गाळ उघडा पडतो आणि त्यावर चिमणीएवढे करडे पक्षी लगबगीने धावताना दिसतात. पाहणारा सहज म्हणतो, ‘टिटवीची पिल्लं असतील.’ पण टिटवीची वीण मुख्यतः उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतची. डिसेंबरात तिची पिल्लं कुठून येणार?

हा असतो छोटा टिलवा. वजन जेमतेम 20 ते 30 ग्रॅम. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या गवताळ, दलदलीच्या प्रदेशात होते आणि थंडीत तो भारतात उतरतो. कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात दिसतो तोच हा पक्षी. लातूरहून समुद्र सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, नांदेडहून साडेचारशेच्या पुढे. मग तो इथे कसा?

किनारा म्हणजे नेमकं काय?

आपल्यासाठी किनारा म्हणजे समुद्र. या पक्ष्यांना मात्र खारं पाणीच हवं असं नाही. त्यांना हवा असतो पाण्याचा पातळ थर असलेला मऊ चिखल, कारण किडे आणि अळ्या तिथे असतात. समुद्रावर हा पट्टा भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा उघडतो. मराठवाड्यात ते काम धरणं करतात. दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरत जातं आणि एक लांबलचक ओहोटी मे महिन्यापर्यंत चालते. ज्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात, तिचीच ओली कड म्हणजे या पक्ष्यांचा किनारा.

पाणी पार आटलं तर मात्र काहीच उरत नाही. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. भेगाळलेल्या गाळात चोच खुपसता येत नाही.

नावातच ओळख

मराठीत या पक्ष्यांना ठसठशीत नावं आहेत, आपण ती फारशी वापरत नाही इतकंच. चिखलात वावरतो तो चिखल्या. त्यातल्याच एकाच्या गळ्याभोवती काळा पट्टा असतो, म्हणून तो कंठेरी चिखल्या. काठाने शेपूट खालीवर हलवत फिरतो तो तुतवार. लांबलचक गुलाबी-लाल पायांवर उभा असलेला काळा-पांढरा पक्षी म्हणजे शेकाट्या, तो शहराच्या सांडपाण्याच्या डबक्यातही सापडेल. आणि ज्याला बहुतेक जण इंग्रजी वळणाने ‘सीगल’ म्हणतात, त्याला मराठीत कुरव हा सुटसुटीत शब्द आहे. तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या तलावांवर वाढतो आणि हिवाळ्यात समुद्रकिनाऱ्यांबरोबर उजनी, जायकवाडीसारख्या मोठ्या जलाशयांवरही येतो.

काही नावं मात्र समुद्राशिवाय घडलीच नसती. कालवफोड्या हे त्यातलं एक. कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडून खाणारा. हे नाव कोकणातच सुचू शकतं. लातूरच्या बाजारात कालवं कोण मागणार? हा पक्षीही सहसा समुद्र सोडून आत येत नाही.

मराठवाड्याने स्वतःच्या जिभेवर ठेवलेलं नाव म्हणजे टिटवी. रात्री ती ओरडली की अपशकुन मानणारे अजून आहेत. तिने अंडी उंचावर घातली की सखल जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधणारेही आहेत. (त्याला शास्त्रीय आधार नाही, पण दरवर्षी जूनमध्ये असे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात.) गंमत म्हणजे टिटवी आणि चिखल्या एकाच कुळातले. एकीची इतकी चर्चा आणि दुसऱ्याचं नावही माहीत नाही.

अशी विखुरलेली नावं जमवण्याचं मोठं काम मारुती चितमपल्ली यांनी केलं. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी वन खात्यात नोकरी करताना जंगलातल्या माणसांकडून शब्द टिपले. त्यांचा ‘पक्षीकोश’ आजही या नावांसाठी उघडला जातो. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला त्यांचं निधन झालं.

ज्याच्या नावातच नदी आहे

समुद्रावर मासे टिपणाऱ्या सुरय पक्ष्यांचा एक भाऊ नदीचा आहे, नदी सुरय. पिवळी चोच, वीण काळात काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. तो पाहुणा नाही, बारमाही इथलाच. गोदावरीला ‘गंगा’ म्हणणाऱ्या गंगाथडीच्या लोकांनी त्याला पाण्यावर सूर मारताना नक्की पाहिलं असेल.

जागतिक यादीत त्याची नोंद धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे. कारण त्याच्या सवयीत आहे. तो घरटं विणत नाही. साधारण मार्च ते मे या काळात नदीपात्रातल्या वाळूच्या बेटावर नुसता खळगा करून त्यात दोन-तीन अंडी घालतो. आधी कुत्री आणि कावळे टपलेले. त्यात उन्हाळ्यात खालच्या गावांसाठी धरणातून पाणी सोडलं की सखल वाळूवरची अंडी वाहून जातात. पाणी सोडणं थांबवता येत नाही, माणसांनाही ते हवंच असतं. वाळूचा उंच भाग शाबूत असेल तर अंडी वाचतात. पण उपसा करणाऱ्यांच्या ट्रॅक्टरलाही तोच कोरडा, उंच पट्टा सोयीचा पडतो.