बंदिस्त सभागृहातील रेडिओ-नियंत्रित मोटार शर्यती : टायरची निवड व चालकाची प्रगती

प्रस्तावना :
ब्रिटनमध्ये हिवाळ्यात शाळांच्या व क्रीडाकेंद्रांच्या सभागृहांत गालिचा अंथरून रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या क्लब शर्यती भरविल्या जातात. मूळ मोटारीच्या एक-दशांश वा एक-द्वादशांश आकाराच्या, विजेवर चालणाऱ्या मोटारी त्यांत धावतात. मागे पडणारा नवोदित चालक बहुधा टायरला दोष देऊन नवे टायर विकत घेतो. त्यानेही क्रमांक सुधारला नाही, तर त्याचा उत्साह मावळतो. म्हणून टायर व कौशल्य यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय.

टायरचे कार्य :
एक-द्वादशांश मोटारींना फोमचे, तर एक-दशांश टूरिंग मोटारींना सामान्यतः रबराचे टायर असतात. मऊ टायर अधिक पकड देतो, परंतु लवकर झिजतो. फोम झिजून चाकाचा व्यास घटला की मोटारीची जमिनीपासूनची उंची कमी होते आणि गिअरचे गुणोत्तरही नव्याने जुळवावे लागते. पुढच्या चाकांची पकड तुलनेने अधिक झाल्यास वळणावर मागचा भाग घसरून मोटार गरकन फिरते. मागच्या चाकांची अधिक झाल्यास ती पुरेशी वळत नाही. एकूण पकड फार वाढली, तर मोटार उलटते. तात्पर्य, सर्वाधिक पकड नव्हे, तर पकडीचा समतोल साधणे महत्त्वाचे ठरते.

टायर की चालक? :
उदाहरणादाखल, ५ मिनिटांच्या शर्यतीत एक फेरी १२ सेकंदांत पूर्ण होते असे मानू. म्हणजे एकूण २५ फेऱ्या होतील. उत्तम टायरमुळे प्रत्येक फेरीत ०.२ सेकंद वाचले, तर एकूण लाभ ५ सेकंदांचा होतो. मात्र मोटार एकदा उलटून मार्शल ती सरळ करीपर्यंत ६ सेकंद गेले, तर तो संपूर्ण लाभ नाहीसा होतो.

चालक उंच मंचावर स्थिर उभा असतो. मोटार त्याच्याकडे येऊ लागली की डावे-उजवे उलट भासते. हा गोंधळ सरावानेच दूर होतो. वळणापूर्वी वेग आवरणे हेही सरावानेच अंगवळणी पडते.

प्रगतीचे मापन :
मोटारीतील ट्रान्सपाँडरमुळे प्रत्येक फेरीची वेळ नोंदली जाते. सर्वोत्तम व सरासरी फेरीतील अंतर जितके कमी, तितके चालकाचे सातत्य अधिक. ज्याच्या फेऱ्यांत एक-एक सेकंदाची तफावत पडते, त्याला ०.२ सेकंदाचा फरक टायरमुळे पडला की योगायोगाने, हे सांगता येत नाही. यास्तव एका वेळी एकच बदल करावा. काही क्लब सर्वांना एकाच प्रकारचे टायर सक्तीचे करतात. त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो आणि कौशल्याची तुलना न्याय्य होते.

समारोप :
के. अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हेतुपूर्वक सरावाची संकल्पना मांडली. निश्चित ध्येय, तत्काळ प्रत्याभरण व चुकांची दुरुस्ती ही तिची अंगे येथे सहज आढळतात. टायरची निवड निरर्थक नाही. मात्र तिचे मोल सातत्य आलेल्या चालकालाच अजमावता येते. साधन बदलण्यापूर्वी स्वतःच्या चुकांची नोंद पाहणे, हाच या खेळातील प्रगतीचा पहिला टप्पा होय.