वितळलेले शिसे: भीती वाफेची, धोका भुकटीचा

अमेरिकेत कितीतरी शिकारी आणि नेमबाज आपल्या रायफलींच्या, रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरच्या गॅरेजमध्ये शिसे वितळवून स्वतः ओततात. तिथल्या लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या ४५-७० सारख्या मोठ्या काडतुसांना तर ओतीव गोळी फार मानवते. तिथे हा रीतसर छंद आहे. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा ठरतो.

या छंदाबद्दल सर्वाधिक पसरलेली समजूत अशी, की वितळलेल्या शिशाची वाफ माणसाला विष चढवते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण उकळायला १७४९ अंश लागतात. गोळ्या ओतताना भांड्याचे तापमान ४०० अंशांच्या आसपास असते आणि तेवढ्या उष्णतेला वाफ नगण्य निघते. हे ऐकून निर्धास्त झालेली माणसेच खऱ्या संकटात सापडतात. वितळलेल्या धातूवर करड्या ऑक्साइडची मळी धरते. ती चमच्याने काढली की तिची बारीक भुकटी उडते, बाकावर बसते, कपड्यांना लागते. हात न धुता खाल्ले किंवा सिगारेट ओढली, की ती थेट पोटात आणि फुप्फुसांत जाते. धातूचे शिसे कातडीतून फारसे शिरत नाही, म्हणून नुसते हातमोजे घालून भागत नाही. जमीन कोरड्या झाडूने झाडणे तर सर्वांत वाईट. ओल्या फडक्यानेच पुसावी. ते कपडे, ते बूट घरात आणूच नयेत. गिळलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट अधिक शोषते आणि मेंदूला होणारी इजा भरून येत नाही. रांगणाऱ्या बाळाचे घर असेल, तर हा छंद घराबाहेरच हवा.

पाण्याविषयीही अर्धवट माहिती फिरते. वितळलेल्या शिशावर पडलेला थेंब अनेकदा वरच्या वर तडतडून उडून जातो, त्यामुळे माणूस बेफिकीर होतो. पण दमट तुकडा किंवा ओला चमचा पृष्ठभागाखाली गेला, की पाण्याची क्षणात वाफ होऊन सगळे भांडे तोंडावर उसळते.

गोळी जितकी कठीण तितकी चांगली, हेही खरे नाही. नळीत शिसे चिकटते त्याचे कारण बहुतेक वेळा गोळीच्या मापात असते: ती जरा बारीक भरली, की मागचा तप्त वायू कडेने निसटतो आणि शिसे नळीला थापत जातो. मऊ गोळी दाबाने फुगून नळी भरते. १८४९ च्या मिनिए गोळीचे पोकळ बूड याच तत्त्वावर बेतलेले होते. कठीणपणा हवाच असेल, तर लायनोटाइपचा जुना छपाई-धातू नावाजलेला आहे. त्यात साधारण १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते.

गाडीच्या जुन्या बॅटरीतले शिसे मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. त्यात अँटिमनी आणि आर्सेनिक असू शकते. त्याच्या मळीला ओल लागली, तर स्टिबिन आणि आर्सिन हे प्राणघातक वायू सुटू शकतात.

आणि 'मला काही त्रास नाही' हा पुरावा नव्हे. शिसे हाडांत दशकानुदशके साठते, लक्षणे उशिरा दिसतात. ओतकाम करणाऱ्याने स्वतःच्या रक्तातले शिसे नियमित तपासून घ्यावे, आणि त्याच वेळी घरातल्या मुलांचेही.